गट अकरा, नऊ हजर!

बालमित्रांनो, डिसेंबर-जानेवारी आला की तुमच्या शाळेत सहलीची नोटीस फिरते ना? नोटीस फिरली की वर्गात एकच गोंधळ! कुठं जायचं, किती पैसे, खिडकी कोणाची, डब्यात काय न्यायचं... अभ्यास गेला उडत! आज मी तुम्हाला माझ्या एका सहलीची गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. कारण तिच्यात माझी एक चूक आहे. अन् चूक लपवायला गेलो, ती दुसरी चूक.

ही गोष्ट जानेवारी १९९४ ची. मी देवळ्याच्या शाळेत आठवीत होतो. देवळा म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडचं गाव. तेव्हा ते कळवण तालुक्यात होतं. १९९९ मध्ये देवळा स्वतंत्र तालुका झाला. आमच्याकडे कांदा, बाजरी, डाळिंब. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. पोहायला शिकायचं तर पावसाळ्यानंतरचे चार महिने, तेही विहिरीत. अशा गावातल्या पोरांना एक दिवस सरांनी विचारलं, “समुद्र कोणी कोणी पाहिलाय?”

पन्नास जणांच्या वर्गात तीन हात वर झाले. त्यातल्या एकानं नंतर कबूल केलं, की त्यानं समुद्र सिनेमात पाहिला होता!

“ठरलं तर मग,” सर म्हणाले, “यंदाची सहल मुंबईला.”

सहलीचे पैसे होते एकशे पंचवीस रुपये. आता तुम्हाला ते थोडे वाटतील. पण आमच्या घरी त्यासाठी कांद्याची पट्टी यायची वाट पाहावी लागली. वडिलांनी कांदा विकला, दुकानदाराची उधारी चुकती केली अन् उरलेल्या पैशांतून मोजून सव्वाशे रुपये माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, “नीट पाहून ये. आल्यावर आम्हालाही सांग.”

आजीनं मात्र वेगळंच काम सांगितलं. आजी घरात अहिराणी बोलायची. तिनं समुद्र पाहिला नव्हता अन् आता या वयात पाहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं गोळ्या-औषधांची एक रिकामी बाटली धुऊन, उन्हात वाळवून माझ्यापुढं धरली. “भाऊ, समुद्रनं पानी लई ये रे मनासाठे,” म्हणाली. मी बाटली पिशवीत टाकली. काय मोठंसं काम! बाटली बुडवायची अन् भरायची.

निघण्याच्या रात्री शाळेच्या पटांगणात चार एस.टी. गाड्या ओळीनं उभ्या होत्या. लाल, धुऊन चकचकीत केलेल्या. पुढच्या काचेवर खडूनं आकडे घातलेले, १, २, ३, ४. एस.टी. म्हणजे आम्हा खेड्यातल्या मुलांचा जीव की प्राण. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून शाळा, बाजार, लग्न, यात्रा सगळीकडे हाच लाल डबा. पण चार-चार गाड्या एकदम, फक्त आपल्यासाठी? आमचे तर पायच जमिनीवर टेकेनात.

सरांनी आमचे गट पाडले. एका गटात नऊ जण. एकूण बावीस गट, म्हणजे १९८ मुलं. प्रत्येक गटाला एक गटप्रमुख. मी आठवीतला, उंचापुरा, आवाज खणखणीत. मला अकराव्या गटाचा प्रमुख केलं. गटातल्या मुलांना नंबर दिले. मी एक नंबर. शेवटचा, नऊ नंबर, पाचवीतला एक बारकुडा पोरगा. कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, हातात दशम्यांचं गाठोडं. दिवसभर त्याला कुणी नावानं हाक मारलीच नाही. तो झाला ‘नऊ नंबर’!

सर म्हणाले, “गाडीत बसल्यावर गटप्रमुखानं मुलं मोजायची अन् मोठ्यानं सांगायचं, गट अमुक, नऊ हजर! मगच गाडी हलेल. आणि एक लक्षात ठेवा. कोणी चुकलाच, तर त्यानं शोधत फिरायचं नाही. आपण शेवटी जिथं एकत्र होतो, तिथंच उभं राहायचं. आम्ही येऊ.”

“गट अकरा, नऊ हजर!” मी असा काही ओरडलो की तिसऱ्या गाडीच्या काचा थरथरल्या.

रात्री दहाला गाड्या निघाल्या. थोड्याच वेळात भावडबारीचा घाट लागला. वळणावर मान वळवून पाहिलं, की पुढं दोन गाड्यांचे लाल दिवे अन् मागं चौथ्या गाडीचे पांढरे दिवे, अशी माळ दिसायची. सोग्रस फाट्याला आम्ही मुंबई-आग्रा रस्त्याला लागलो. पिंपळगाव, ओझर, नाशिक. गाणी म्हणून घसे बसले अन् एकेक जण पेंगू लागला.

कसारा घाटाच्या तोंडाशी गाड्या थांबल्या, कारण चौथी मागं राहिली होती. बाहेर थंडी मी म्हणत होती. सरांनी आम्हा जाग्या मुलांना घाटाची गोष्ट सांगितली. “हाच थळ घाट. कोकण अन् देश यांना जोडणारी जुनी वाट. रस्ते नव्हते, तेव्हा लमाण लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाटवाटांनी तांडे न्यायचे. खालून मीठ वर यायचं अन् वरून धान्य खाली जायचं. १८६५ मध्ये इंग्रजांनी या घाटातून रेल्वे नेली. चढण एवढी, की सदतीस फूट पुढं गेलं की गाडी एक फूट वर चढते. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात.”

“सर, मग आपलाही तांडाच की!” कोणीतरी म्हणालं.

“तांडाच,” सर हसले. “अन् तांड्याचा नियम एकच. मागचा राहिला, तर पुढच्यानं थांबायचं.”

तेवढ्यात चौथी गाडी आली. मी झोपेतच ओरडलो, “नऊ हजर!” तेव्हा मी खरंच मोजलं होतं. एवढं मात्र सांगून ठेवतो.

उजाडता उजाडता आम्ही मुंबईत शिरलो. एका शाळेच्या आवारात तोंडं धुतली, दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि आठच्या सुमाराला गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहिलो.

आणि समोर समुद्र!

काय सांगू मित्रांनो! मी मनात जो समुद्र रंगवला होता, तो निळाशार होता. हा मातकट, करडा. पण त्याला पलीकडचा काठच नव्हता. आमच्या डोळ्यांना सवय होती डोंगरांची. कुठंही पाहिलं तरी नजर कुठल्या तरी डोंगराला जाऊन अडायची. इथं ती अडेचना. नऊ नंबर माझ्या शर्टाचं टोक धरून म्हणाला, “दादा, हे संपतं कुठं?” मला तरी काय माहीत!

सरांनी गेटवेची माहिती सांगितली. १९११ साली इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले, त्या भेटीची आठवण म्हणून ही कमान बांधली. म्हणजे राजा येऊन गेला, तेव्हा ही कमान नव्हतीच! १९१३ मध्ये पायाभरणी झाली अन् ४ डिसेंबर १९२४ ला ती लोकांसाठी खुली झाली. उंची सुमारे २६ मीटर. पिवळसर बेसॉल्ट दगडाचं हे काम जॉर्ज विटेट या वास्तुविशारदानं आखलं. पण मला सगळ्यांत आवडलं ते शेवटचं वाक्य. सर म्हणाले, “राज्य करायला आलेल्यांनी ही कमान बांधली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली अन् जहाजानं मायदेशी गेली.” आम्ही एवढ्या टाळ्या वाजवल्या, की कबुतरं उडाली!

तिथून जवळच वस्तुसंग्रहालय. तेव्हा त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत. आता ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. मोठा घुमट असलेली ही इमारतही विटेट यांचीच, १९२२ पासून लोकांसाठी खुली. आत जुन्या मूर्ती, चित्रं, ढाली-तलवारी अन् पेंढा भरलेले प्राणी. पाचवीतली पोरं वाघापाशीच रेंगाळली. मग तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय तेव्हा सहलीतल्या प्रत्येक मुलाचं आवडतं ठिकाण होतं. काचेपलीकडून मासा आपल्याकडे टक लावून बघतोय, ही गंमत आम्हाला नवीन होती. आमच्यातला एक जण पंधरा मिनिटं एका माशाला वेडावून दाखवत होता. मासाच शेवटी कंटाळून निघून गेला!

दुपारी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर रांगेनं बसून भाकऱ्या खाल्ल्या. १९८ मुलं कठड्यावर, पाठ रस्त्याकडे अन् तोंड समुद्राकडे. तिथं सरांनी भरती-ओहोटी समजावली. “चंद्र पाण्याला ओढतो, थोडं सूर्यही ओढतो. म्हणून समुद्र दिवसातून दोनदा वर येतो अन् दोनदा खाली जातो. आज ज्या वेळेला भरती, उद्या त्याहून साधारण पन्नास मिनिटं उशिरा. कोळी लोकांना हे घड्याळ तोंडपाठ असतं.” मग म्हणाले, “आता ओहोटी आहे. आपण संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर जाऊ, तेव्हा पाणी चढायला लागलेलं असेल. पायाच्या घोट्यापुढं कोणी जायचं नाही.”

मलबार हिलवर हँगिंग गार्डन पाहिली. बाग ‘लटकती’ कशी, तर तिच्या पोटात चक्क पाण्याचा मोठा साठा आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयावर १८८१ मध्ये ही बाग केली. फिरोजशहा मेहता उद्यान हे तिचं खरं नाव. समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. बुटात चढून सगळ्यांनी फोटो काढून घेतला. सरांच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा एकच रोल. त्यामुळं एका फोटोत दोन गट! तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात नऊ नंबरची फक्त कानटोपी दिसते.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला चौपाटी. आता ऐका, गोष्ट इथं सुरू होते.

आम्हाला तासभर मोकळं सोडलं होतं. काय धमाल केली! वाळूचे किल्ले केले, चपला हातात घेऊन लाटांशी शिवाशिवी खेळलो. दोन रुपयांची भेळ घेतली. भेळवाल्यानं मूठभर कांदा टाकला, तेव्हा माझा दोस्त म्हणाला, “ए भाऊ, हा आपल्याकडचा असेल बरं का!” भेळवाल्याला आम्ही विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “कांदा तो नासिक का ही अच्छा.” आमची छाती दोन इंच फुगली.

मग मला आजीची बाटली आठवली. मी पाण्याशी गेलो. नऊ नंबर मागोमाग होताच. पहिल्यांदा भरली तर अर्धी वाळूच आली. दुसऱ्यांदा भरली, बूच लावलं. तेवढ्यात शिट्टी वाजली. सरांची! रस्त्यावर चार गाड्या लागल्या होत्या अन् मागं मोटारींचे भोंगे सुरू झाले होते. वाहतूक पोलीस हातानं ‘चला, चला’ करत होता. चपला घालायला मी बाटली वाळूत ठेवली, चपला अडकवल्या अन् पळत सुटलो.

गाडीत चढाचढ, गलबला. पाय वाळूनं भरलेले. मी खाली वाकून पाय झटकत होतो. सरांनी एकेक गट विचारायला सुरुवात केली. “नऊ?” “हजर!” “दहा?” “हजर!” “अकरा?”

अन् मी न बघता, न मोजता, वाकल्या वाकल्या ओरडलो, “गट अकरा, नऊ हजर!”

गाडी हलली.

शेवटचं ठिकाण होतं बोरीबंदरचं रेल्वे स्टेशन. तेव्हाचं व्ही.टी., आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. अंधार पडला होता अन् दिवे लागले होते. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत उभी राहायला १८७८ पासून दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. सर सांगत होते, “१६ एप्रिल १८५३ ला याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. चौतीस किलोमीटर. चौदा डबे अन् चारशे माणसं. तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान...”

सर बोलत असताना आम्ही गटागटानं ओळी करून उभे होतो. सहज माझी नजर आमच्या ओळीवरून गेली. एक, दोन, तीन... आठ.

पुन्हा मोजलं. आठ.

पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. नऊ नंबर कुठंय? शेजारी बसणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “आम्हाला वाटलं, तो पुढं खिडकीशी बसला असेल.”

मी सरांकडे गेलो. “सर, नऊ नंबर दिसत नाही.”

“गाडीत होता ना? तू हजर म्हणालास.”

आणि मित्रांनो, मी मान डोलावली. “हो सर. चढला होता.”

का म्हणालो मी असं? भीती! गटप्रमुख ना मी! वाटलं, असेल इथंच कुठं, सापडेल दोन मिनिटांत. मग कुणाला काही कळायचं नाही.

पण माझ्या त्या एका ‘हो’नं काय झालं पाहा. सगळे सर, सगळ्या बाई, दोन चालक, सगळे त्या स्टेशनच्या गर्दीत शोधायला धावले. जिथं तो नव्हताच तिथं! संध्याकाळची वेळ, लोकलमधून माणसांचे लोंढे येताहेत. त्यात कानटोपीचं पाचवीतलं पोर कसं दिसणार? एक बाई रडवेल्या झाल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी खांबाला टेकून उभा. सवयीनं हात पिशवीत गेला.

बाटली नव्हती.

अन् डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. वाळूत ठेवलेली बाटली. पळणारा मी. आणि मागं वळून बाटलीकडे जाणारा नऊ नंबर. तो मला दिसला होता का? डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला असावा. मी थांबलो नव्हतो एवढंच. दुपारचं सरांचं वाक्य आठवलं, ‘संध्याकाळी पाणी चढायला लागलेलं असेल.’

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी धावत सरांकडे गेलो. शब्द नीट फुटत नव्हते. “सर, मी खोटं बोललो. मी मोजलंच नव्हतं. तो चौपाटीवरच राहिला. माझी बाटली आणायला गेला.”

वाटलं, आता कानाखाली बसणार. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मारलं नाही. “चल,” एवढंच म्हणाले अन् एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीला हात केला. मुंबईतल्या टॅक्सीत बसायची मला फार हौस होती. पण त्या टॅक्सीतलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतो फक्त मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा गोल. त्याला राणीचा हार म्हणतात. मी त्या हारातले दिवे मोजत होतो अन् देवाला म्हणत होतो, सापडू दे, सापडू दे, सापडू दे.

चौपाटीवर उतरलो. आधी पाण्याकडे पाहिलं. आमचे किल्ले नव्हते. जिथं मी बाटली ठेवली होती, तिथवर पाणी आलं होतं.

माझे पाय गळाले.

“अरे, इकडं बघ,” सर म्हणाले.

रस्त्याच्या कडेला, जिथं तीन नंबरची गाडी उभी होती नेमकं तिथंच, दिव्याच्या खांबाखाली एक चणे-शेंगदाणेवाला बसला होता. त्याच्या टोपलीशेजारी उकिडवा बसलेला एक बारका पोरगा. कानटोपी घातलेली. अन् दोन्ही हातांनी छातीशी धरलेली आजीची बाटली!

सर धावले. तो उठून उभा राहिला अन् शाळेतल्यासारखं ताठ उभं राहून म्हणाला, “सर, तुम्ही सांगितलं होतं ना, चुकलं तर जागा सोडायची नाही. मी नाही सोडली.” आणि इतका वेळ न रडलेलं ते पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

शेंगदाणेवाला म्हणाला, “मी त्याला म्हटलं, चल, पोलीस चौकीत नेतो. तर हा हलायलाच तयार नाही. म्हणतो, सर इथंच येणार. मग मीच बसलो याच्यासोबत. माझंपण पोरगं गावाकडं याच्याएवढंच आहे.” सरांनी त्याला पैसे देऊ केले. त्यानं घेतले नाहीत. तेव्हा सरांनी त्याच्याकडून शेंगदाण्याच्या बऱ्याच पुड्या विकत घेतल्या. त्याचे पैसे मात्र त्यानं मोजून घेतले. धंदा तो धंदा!

टॅक्सीत नऊ नंबरनं बाटली माझ्यापुढं केली. “दादा, तुझ्या आजीची आहे ना? तू विसरला होता.” मला त्याच्याकडे पाहवेना.

आम्ही परत आलो, तेव्हा चारही गाड्या तशाच उभ्या होत्या. कुणीच जेवलं नव्हतं. पहिल्या गाडीच्या चालककाकांना मी म्हणालो, “काका, माझ्यामुळं उशीर झाला.” ते म्हणाले, “पोरा, गाडी उशिरा पोचली तर चालतं. एक पोरगं कमी घेऊन पोचली, तर मी त्याच्या आईला तोंड कसं दाखवू?”

सरांनी शिक्षा केलीच. मोठी नव्हती, पण जन्मभर पुरली. म्हणाले, “आता देवळ्यापर्यंत प्रत्येक थांब्याला तू मोजायचं. फक्त तुझा गट नाही. चारही गाड्या. डोक्यावर हात ठेवून.”

शहापूरला मोजलं. कसारा घाट चढून गेल्यावर इगतपुरीला मोजलं. रात्रीचा एक वाजला असेल. हातात सरांची बॅटरी, बाहेर बोचरी थंडी. झोपलेल्या पोरांच्या डोक्यांवर हात ठेवत मी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात होतो. कुणी शालीत, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर, कुणी चक्क बाकाखाली! १९६, १९७... १९८. प्रत्येक वेळी शेवटचा आकडा जुळला, की छातीवरचं ओझं थोडं कमी व्हायचं. तेव्हा मला समजलं, ‘हजर’ हा नुसता शब्द नाही. तो म्हणताना एकेक डोकं आपल्या हाताखाली यावं लागतं.

पहाटे भावडबारी उतरलो. गावात शिरताना मी शेवटचं मोजलं अन् सरांना म्हणालो, “सर, १९८ हजर.” सरांनी वहीत खूण केली. “शाबास,” म्हणाले. पण मला माहीत होतं, खरं शाबास कोणाला म्हणायला हवं होतं ते.

घरी आल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं. चुकीसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “संध्याकाळी त्या पोराच्या घरी जाऊन ये. त्याच्या आईला तू स्वतः सांग.” गेलो. ते मुंबईहूनही लांब वाटलं! त्या माउलीनं आधी मला चांगलं खडसावलं अन् मग चहा दिला.

आणि आजी? तिनं बाटली उन्हात धरून पाहिली. तळाशी चिमूटभर वाळू होती. एक थेंब जिभेवर ठेवला अन् तोंड वेडंवाकडं केलं. “खारं शे रे भाऊ!” आम्ही सगळे हसलो. मी शहाणपणानं सांगितलं, की समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. आजीनं थोडा विचार केला अन् विचारलं, “आपली गिरणा बी तठेच जास का?”

मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी शाळेत नकाशा काढून पाहिला. नाशिक जिल्ह्याची गंमत पाहा. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी, समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याच्याकडे पाठ करते अन् सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. आपली गिरणा मात्र लोहोणेर, मालेगाव करत पूर्वेकडे जाते, मग वळून जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. आणि तापी? ती पश्चिमेला वळून सुरतेपाशी अरबी समुद्रात! म्हणजे आजीचा अंदाज बरोबर होता. आमच्या लोहोणेरच्या पुलाखालून जाणारं पाणी एवढा मोठा फेरा मारून शेवटी त्याच समुद्रात पोचतं.

आजीला हे सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “म्हंजे घरनंच पानी शे.” ती बाटली तिनं देवघरात ठेवली. ती गेली तोवर तिथंच होती.

आता किती काळ लोटला! इगतपुरीहून पुढं समृद्धी महामार्गाचे बोगदे झाले. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. चौपाटी आहे, लाटा आहेत, भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येतेच आहे.

नऊ नंबर आता स्वतः शाळेत शिक्षक आहे. दर जानेवारीत त्याच्या शाळेची सहल निघते. सगळी मुलं सुखरूप घरी पोचली, की कितीही रात्र झालेली असो, त्याचा मला फोन येतो. हॅलो नाही, कसा आहेस नाही. पलीकडून फक्त एवढंच ऐकू येतं,

“दादा, सगळे हजर. मोजून सांगतोय!”